गिसेला कोनोप्का : एकाकी मुलांच्या सांगाती

समाजकार्याची पदवी घेतलेले आमचे जे माजी विद्यार्थी ही स्मरणिका हाती घेतील, त्यांना गिसेला कोनोप्का हे नाव नवे वाटणार नाही. ‘सामाजिक गटकार्य’ या विषयाच्या अगदी आरंभी त्यांनी १९६३ साली केलेली व्याख्या शिकवली जाते. परीक्षेपुरती ती पाठ केली जाते आणि निकाल लागला की बहुधा विसरली जाते. व्याख्येमागील बाई मात्र पाठ्यपुस्तकात येत नाहीत. त्या कोण होत्या, कोणत्या देशातून कशा जीव वाचवून निघाल्या, आणि समाजाने वाया गेलेली म्हणून दूर लोटलेली मुले हाच आयुष्यभराचा अभ्यासविषय त्यांनी का निवडला, हे आमच्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराला कळावे, म्हणून हा लेख. मुले घरापासून दूर, एका छपराखाली, एका घंटेच्या तालावर वाढतात तेव्हा त्यांचे काय होते, या प्रश्नावर कोनोप्का यांनी जितका खोल विचार केला, तितका फार थोड्यांनी केला आहे.

गिसेला पायपर यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१० रोजी बर्लिनमध्ये झाला. आईवडील ज्यू, मूळचे पोलंडकडचे. किराणा मालाच्या लहानशा दुकानावर संसार चालत असे. तीन मुलींमध्ये गिसेला मधल्या. त्या चार वर्षांच्या असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. बर्लिनच्या गरीब वस्त्यांनी त्या युद्धात जी उपासमार भोगली आणि १९२३ मध्ये चलन कोसळल्यावर जी दैना पाहिली, त्या काळातले हे बालपण. परक्या मुलखातून आलेले, त्यात ज्यू, त्यात बेताच्या मिळकतीचे. शेजारपाजाऱ्यांच्या नजरेतला तुच्छभाव लहान वयात कसा कळतो, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

या बालपणाला एक उजळ बाजू होती. त्या काळी जर्मनीत युवक चळवळी जोरात होत्या. मुलेमुली सुटीच्या दिवशी पाठीवर पिशव्या टाकून रानावनातून पायी भटकत, एकत्र गात, पुस्तके वाचून रात्र रात्र वाद घालत. वडीलधाऱ्यांची छडी तेथे नसे. कुठे जायचे, काय वाचायचे, चुकलेल्याचे काय करायचे, हे बव्हंशी मुलेच ठरवीत. गिसेला प्रथम ज्यू मुलांच्या अशा चळवळीत आणि पुढे कामगार युवक चळवळीत सामील झाल्या. पुढे पॉल कोनोप्का हा तरुण त्यांच्या आयुष्यात आला, तोही याच वाटेने. तो ज्यू नव्हता. गटात माणूस घडतो, हे गिसेला यांनी पुस्तकातून शिकण्याआधी असे अंगाने अनुभवले होते, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या शास्त्राचे मूळ आम्हांला तेथेच दिसते.

शालेय शिक्षण संपल्यावर त्या हॅम्बुर्गला आल्या. काही काळ कारखान्यात मजुरी केली, मग विद्यापीठात शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. शिक्षिका व्हावे ही मनीषा होती. अभ्यासक्रम पुरा झाला तो १९३३ साली. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांचे दरवाजे बंद झाले. हाती पदवी होती, वर्गात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. दोन वर्षांनी न्यूरेंबर्गचे कायदे आले आणि ज्यू व बिगर-ज्यू यांच्यातील विवाह हाच गुन्हा ठरला. कोणी कोणाशी लग्न करावे हे रक्ताच्या शुद्धतेवरून ठरवणारी व्यवस्था आपल्याही परिचयाची आहे. जर्मनीने तिला पोलीस आणि तुरुंग जोडून दिले, इतकाच फरक.

गिसेला स्वस्थ बसल्या नाहीत. समाजवादी विचारांच्या एका लहान गटाबरोबर त्यांनी हॅम्बुर्गमध्ये नाझी राजवटीविरुद्ध भूमिगत काम केले. त्या काळी एखादे पत्रक जवळ सापडणेही जिवावर बेतणारे होते. १९३६ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडून फूल्सब्यूटल येथे डांबले. हॅम्बुर्गच्या या तुरुंगाचे नाझींनी १९३३ पासूनच छळछावणीत रूपांतर केले होते. काही आठवड्यांनी सुटका झाली, तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते.

हे आठवडे त्यांच्या चरित्रात थोडे असले, तरी त्यांचे वजन फार आहे. बंद दाराआड माणसाचे नाव जाते, त्याचा शब्द कोणी ऐकत नाही. कधी उठायचे, कधी खायचे, कधी दिवा मालवायचा, हे बाहेरचा कोणी ठरवतो आणि त्याचे कारण सांगत नाही. पुढे अमेरिकेत सुधारगृहांचे लोखंडी दार मागे बंद झाल्याचा आवाज त्या ऐकत, तेव्हा आतल्या मुलाला काय वाटत असेल हे त्यांना कोणत्याही प्रश्नावलीवाचून कळत होते. विद्वत्ता पुष्कळांजवळ असते. ज्याच्यावर संशोधन करायचे त्याच्या जागी एकदा स्वतः बसून आलेला विद्वान विरळा.

सुटकेनंतर जर्मनीत राहणे शक्य नव्हते. त्या ऑस्ट्रियात गेल्या. पण मार्च १९३८ मध्ये हिटलरने तो देशही गिळला आणि त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. तेथून फ्रान्स. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सही पडला. दक्षिण फ्रान्समध्ये निर्वासितांचे लपतछपत जगणे जगून अखेर १९४१ मध्ये त्या अमेरिकेस पोहोचल्या. त्याच वर्षी पॉल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ज्या लग्नाला स्वदेशात गुन्हा ठरवले होते, ते पुढे पस्तीस वर्षे, पॉल यांच्या मृत्यूपर्यंत टिकले.

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि १९४३ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. तेथे गर्ट्रूड विल्सन ‘गटकार्य’ हा त्या वेळी नवा असलेला विषय शिकवीत होत्या. समाजकार्य म्हणजे एका गरजूला समोर बसवून त्याची विचारपूस करणे व मदत मंजूर करणे, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. गटकार्याची दृष्टी वेगळी होती. माणसे एकमेकांच्या मदतीने उभी राहतात. कार्यकर्त्याने त्यांच्यात मिसळून, पण हेतू न विसरता, ही परस्परांची मदत घडून येईल असे पाहायचे. जर्मन युवक चळवळीत वाढलेल्या गिसेला यांना हे आपल्याच घरची भाषा ऐकल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. ज्या राष्ट्राने तरुणांची टोळकी बनवून त्यांना गणवेश व द्वेष दिला, त्या राष्ट्रातून त्या आल्या होत्या. गटाची ताकद दोन्ही बाजूंनी धार असलेली आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

येथे बालगुन्हेगारीच्या अभ्यासाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय असावे, हा विचार १८९९ मध्ये शिकागो येथे प्रथम अमलात आला. आपल्याकडे मद्रास इलाख्यात १९२० मध्ये, तर मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठीचे कायदे झाले. १९२७ मध्ये फ्रेडरिक थ्रॅशर यांनी शिकागोतील १,३१३ टोळ्यांचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. कोणत्याही वस्तीत मुले टोळ्या का करतात, याकडे गंभीरपणे पाहावयास त्याने लोकांना भाग पाडले. पण पकडलेल्या मुलाला सुधारगृहात टाकल्यावर तेथे रोज काय करावे, याचे उत्तर या साऱ्यातून मिळत नव्हते. मुलांना चांगले वळण लावण्यासाठी उघडलेल्या घरांत शिस्त, काम आणि मार यांपलीकडे फारसे काही नसे. कोनोप्का याच रिकाम्या जागेत उभ्या राहिल्या.

पिट्सबर्गच्या बालमार्गदर्शन चिकित्सालयात त्यांनी काही वर्षे मानसिक अडचणींच्या मुलांचे गट चालवले. प्रत्येक बैठकीनंतर त्या टिपणे ठेवीत : कोण बोलला, कोण कोपऱ्यात बसला, कोणाच्या विनोदावर सगळे हसले आणि कोणाचा चेहरा पडला. १९४९ मधील त्यांचे मुलांच्या उपचारात्मक गटकार्यावरील पुस्तक अशा नोंदींवर उभे आहे. १९४७ मध्ये त्या मिनेसोटा विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या.

आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जिव्हाळ्याचे पुस्तक १९५४ सालचे, संस्थांमधील गटकार्यावरचे. अनाथालये, सुधारगृहे, तुरुंग, वृद्धाश्रम अशा, जेथे माणसे दिवसरात्र एकत्र राहतात, त्या सर्व ठिकाणांचा त्यात विचार आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात येते. कोनोप्का यांचे लक्ष तज्ज्ञाच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघराकडे, न्हाणीघराकडे, झोपण्याच्या दालनाकडे अधिक आहे. आठवड्यातून एकदा समुपदेशक मुलाशी तासभर बोलतो. उरलेले सर्व तास मूल ज्या अधीक्षकाबरोबर, स्वयंपाकिणीबरोबर, पहारेकऱ्याबरोबर घालवते, तीच माणसे त्याला घडवतात किंवा मोडतात. म्हणून त्यांना प्रशिक्षण द्या, मान द्या, संस्थेच्या विचारविनिमयात बसवा, असा त्यांचा आग्रह होता. नव्या मुलाचा पहिला दिवस कसा जातो, त्याला कोण भेटते, त्याच्या हातातली घरची वस्तू काढून घेतली जाते की राहू दिली जाते, हे त्यांना किरकोळ वाटत नसे.

शिक्षेविषयी त्यांचे मत सरळ होते. मर्यादा हव्यात, मर्यादेवाचून गट टिकत नाही आणि दुबळ्या मुलाचे रक्षण होत नाही. पण ती मर्यादा मुलाला समजली पाहिजे, आणि तिच्यातून त्याचा अपमान होता कामा नये. वसतिगृह चालवणाऱ्या आम्हांला हे वाचताना अवघडल्यासारखे झाले, हे मान्य केले पाहिजे. एकाच्या खोडीसाठी साऱ्या दालनाला उभे ठेवणे, घरी कळवण्याची धमकी देणे, प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर नाव पुकारणे, हे आम्हीही केले आहे आणि त्याला शिस्त म्हटले आहे. ज्या मुलांची नावे आम्ही पुकारली, त्यांतले काही आज या स्मरणिकेचे वाचक असतील.

१९५७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना समाजकल्याणातील डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता एडुअर्ड लिंडमन यांचे समाजकार्याचे तत्त्वज्ञान. तो १९५८ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. लिंडमन यांच्या विचारांवर जॉन ड्यूई यांचा दाट ठसा आहे. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात ज्यांच्या वर्गात बसले, तेच हे प्राध्यापक ड्यूई. लोकशाही ही एकत्र जगण्याची रीत असून ती घरात, शाळेत, लहान गटातच शिकावी लागते, हा विचार एकाच झऱ्यातून दोन दूरच्या शेतांत पोहोचला. दोघांची भेट कधी झाली असे नाही. तरीही या विद्यालयाच्या परिवाराला कोनोप्का परक्या वाटू नयेत, यासाठी एवढे नाते पुरेसे आहे.

१९६० नंतर त्यांनी मुलींकडे लक्ष वळवले. तोपर्यंत बालगुन्हेगारी म्हणजे मुलांची, असेच जवळजवळ सारे संशोधन होते. मुली संख्येने कमी, त्यांचे गुन्हे चोरी-मारामारीचे नव्हेत, म्हणून अभ्यासकांना त्या रुचत नसत. कोनोप्का सुधारगृहांत गेल्या, मुलींबरोबर बसल्या, एकेकीशी आणि गटाशी मोकळेपणी बोलल्या, त्यांनी वहीत उतरवलेल्या कविता वाचल्या. १९६६ मध्ये ‘संघर्षातील किशोरी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘गुन्हेगार’ हा शब्द शीर्षकात नाही, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडील कायद्यात आज ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा अवजड शब्द वापरतात. बोलायला तो कठीण आहे; पण मुलाच्या कपाळावर शिक्का न मारण्याची त्यातली काळजी मोलाची आहे.

या पुस्तकात त्यांनी जे मांडले, ते आजही अस्वस्थ करणारे आहे. बहुसंख्य मुली घरातून पळून गेल्याबद्दल, आईबापांचे ऐकत नाहीत म्हणून किंवा पुरुषाशी संबंध आला म्हणून डांबल्या जात. तोच प्रकार मुलाने केला तर त्याकडे काणाडोळा होई. आणि ज्या पुरुषाने मुलीला फसवले, तो मोकळाच राही. समाजाची दुटप्पी नीती न्यायालयात कायद्याचा झगा घालून बसली होती. वयात येतानाचे शरीरातले बदल, आईशी जुळणारे व तुटणारे नाते, स्त्रीचे समाजातील बदलते पण अधांतरी स्थान ही कारणे त्यांनी उलगडलीच. त्यांच्या जोडीला त्यांना सर्वत्र आढळले ते एकटेपण. ज्यांच्या हाती या मुलींचे भवितव्य होते, ती मोठी माणसे त्यांच्या लेखी बिनचेहऱ्याची होती. फायली पुढे सरकत, आदेश निघत, बदल्या होत; मुलीशी मात्र कोणी बोलत नसे. पुष्कळ मुली प्रेमासाठी भुकेल्या होत्या आणि ते जेथे मिळेल असे वाटले तेथे गेल्या होत्या. याला बिघडलेपणा म्हणावे की भूक म्हणावे, यावर पुढचे सारे उपाय अवलंबून असतात.

त्या काळी मुलांच्या ‘भल्यासाठी’ म्हणून किती मनमानी चालत असे, याचा दाखला त्याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अॅरिझोनातील पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टवर दूरध्वनीवर अश्लील बोलल्याचा आरोप होता. प्रौढाला त्यासाठी किरकोळ दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. या मुलाला मात्र वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा आदेश निघाला होता, आणि तोही वकिलावाचून. १९६७ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि मुलांनाही आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे हे मान्य केले. मुलाचे ऐकून घेणे ही दया नव्हे, असे कोनोप्का सुधारगृहांतून जे सांगत होत्या, त्याला कायद्याने आपल्या परीने दिलेली ही साक्षच होती.

एका गोष्टीचे आम्हांला विशेष वाटते. ज्या देशाने त्यांना कोठडीत टाकले, त्या देशाशी त्यांनी वैर धरले नाही. १९५० पासून त्या अनेकदा जर्मनीस गेल्या आणि हुकूमशाहीत वाढलेल्या पिढीला सांभाळणाऱ्या शिक्षक व समाजकार्यकर्त्यांना त्यांनी गटकार्य शिकवले. कालपर्यंत गणवेश घालून ओरडणारी मुले आता ढिगाऱ्यांत भटकत होती. त्यांना पुन्हा हुकूम देणारा नेता नको होता. वाद घालायला, चुकायला आणि निर्णय घ्यायला शिकवणारा सोबती हवा होता. समोर बसलेल्यांपैकी कोण पूर्वी काय करीत होता, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नसेल, असे कोण म्हणेल? तरी त्या शिकवीत राहिल्या. जर्मन संघराज्याने १९७५ मध्ये त्यांना सर्वोच्च सेवासन्मान दिला.

१९७० मध्ये मिनेसोटा विद्यापीठात युवक विकास व संशोधन केंद्र सुरू झाले, त्याच्या पहिल्या संचालक कोनोप्का होत्या. १९७३ मध्ये निरोगी किशोरविकासासाठी काय काय लागते, याविषयी त्यांनी एक निबंध लिहिला. तो आजही अभ्यासला जातो. किशोरवय म्हणजे पुढील आयुष्याची नुसती पूर्वतयारी, हा समज त्यांनी त्यात नाकारला. पंधरा वर्षांची मुलगी ही उद्याची नागरिक असेलही, पण ती आजची माणूस आहे, आणि आजच तिचे काही म्हणणे आहे. मुलांना सहभागी होता यावे, निर्णय घेण्याचा सराव मिळावा, बरोबरीच्यांत आपलेपणा वाटावा, परस्परविरोधी मूल्यांवर मोकळेपणी बोलता यावे, एखादी भूमिका करून पाहून ती सोडून देण्याची मुभा असावी, बरोबरीच्या नात्यातून जबाबदारी कळावी आणि जगण्याचा आनंद घेता यावा, अशा गरजा त्यांनी मांडल्या. यातली शेवटची गरज आम्ही संस्थाचालक नेहमी विसरतो. मुलांनी शिकावे, पुढे जावे, समाजाचे ऋण फेडावे, असे आम्ही घोकत असतो. संध्याकाळी मैदानावर ती विनाकारण हसत असली, तर अभ्यासाची आठवण करून देतो.

पुढे १९७६ मध्ये त्यांचे मुलींवरील दुसरे मोठे पुस्तक आले. या वेळी केवळ सुधारगृहांतल्या नव्हे, तर अमेरिकेच्या अनेक राज्यांतील, निरनिराळ्या वंशांच्या व थरांच्या सुमारे एक हजार मुलींशी संवाद साधण्यात आला होता. सुधारगृहातली मुलगी आणि शाळेतली मुलगी या दोन जाती नाहीत, हे दाखवण्याची ही त्यांची रीत. त्याच वर्षी पॉल यांचे निधन झाले. दहा-बारा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे शीर्षक दोनच गोष्टींची नावे सांगते : धैर्य आणि प्रेम.

त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारे होते आणि आहेत. आकडेवारी थोडी, जिव्हाळा फार, असे शुद्ध शास्त्राचे पुरस्कर्ते म्हणत. एका लहान गटात मुलगा सावरला, तरी ज्या वस्तीत काम नाही, घर नाही, तेथेच तो परत जाणार असेल तर उपयोग काय, असाही प्रश्न विचारला जातो. हा दुसरा प्रश्न आम्हांला खरा वाटतो. सुटीत गावी गेलेला आमचा विद्यार्थी परत येताना काय घेऊन येतो, हे आम्ही पाहिले आहे. गटकार्याने गरिबी हटत नाही. कामगार चळवळीतून आलेल्या कोनोप्का यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. म्हणूनच गटाचा विचार करताना त्यांनी समाजाच्या प्रश्नांना बाजूला सारले नाही. पण वस्ती बदलेपर्यंत समोरच्या मुलाने थांबावे, हेही त्यांना मान्य नव्हते.

निवृत्तीनंतरही त्या दीर्घकाळ व्याख्याने देत, तरुण कार्यकर्त्यांना भेटत राहिल्या. ९ डिसेंबर २००३ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मिनियापोलिस येथे त्यांचे निधन झाले. मिनेसोटा विद्यापीठात किशोरवयीनांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. आपल्याकडे समाजकार्याच्या वर्गांत त्यांची व्याख्या अजूनही फळ्यावर लिहिली जाते, आणि मुलेमुली ती वहीत उतरवून घेतात.